एकशे चाळीस दारं आणि बटणांचा डबा

आत्यानं चौतीस वर्षं दारोदार बटणं विकली. बटणं, दोरे, सुया, हुक, इलॅस्टिक. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पत्र्याचा डबा आणि डब्यात पाच-सहाशे बटणं. दारात उभं राहून ती डबा एकदाच हलवायची. तो खळ्ळ आवाज ऐकला की आतली बाई हातातलं काम टाकून बाहेर यायची. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, पिशवी खुंटीला लागली आणि आत्या भाचीबरोबर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आली.

भाचीला सगळे रेडिओ म्हणत. बोलायला लागली ती बंदच होईना, म्हणून. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवून बघायची आणि संध्याकाळी गाणी करायची. पाठीशी कंपनी नाही की मॅनेजर नाही. शब्द तिचे, चाल तिची, आणि स्टुडिओ म्हणजे आतून दोन रजया ठोकलेलं कपड्यांचं कपाट. गाताना ती कपाटात शिरायची आणि आत्यानं दार धरून उभं राहायचं, कारण त्याची कडी तुटलेली होती.

त्या सोमवारी रेडिओ घरी आली ती तोंड एवढंसं करून.

"हॉलच्या बाईंनी अट घातली," ती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या छोट्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी एका नव्या गायकाला पाऊण तास मिळायचा. येत्या रविवारी रेडिओचा नंबर होता. आणि बाईंचं म्हणणं असं, की शनिवारी दुपारपर्यंत तुझ्या गाण्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं दाखव. घरचं माणूस सोडून कुणीही चालेल. नाही दाखवलंस तर जागा दुसऱ्याला, आणि तुझा नंबर पुन्हा वर्षानं.

"मग दाखव की."

"काय दाखवू, कपाळ? तीन आठवड्यांपूर्वी एकशे चाळीस जणांना ईमेल केलंय. गाण्यांवर ब्लॉग लिहिणारे जेवढे सापडले तेवढ्यांना. एकानंही उत्तर दिलं नाही."

"एकशे चाळीस?" आत्यानं चष्मा वर केला. "अगं, मी दिवसाला वीस दारं करायची तर तोंडाला फेस यायचा. तू किती दिवसांत केलीस?"

"एका दुपारी. सगळ्यांना एकच पत्र."

"वाच बघू."

रेडिओनं घसा साफ केला. "प्रिय संगीतप्रेमी, मी एक उदयोन्मुख, बहुआयामी कलाकार असून माझं संगीत साऱ्या चौकटी मोडून..."

"थांब. ही कोण बाई?"

"मीच की!"

"मला नाही ओळखता आली. आणि हा संगीतप्रेमी कोण?"

"अगं, ते सगळेच."

"सगळेच म्हणजे कुणीच नाही. रस्त्यात उभं राहून 'अहो घरातले' म्हणून ओरडलं, तर कुठलं घर ओ देईल? बरं, या एकशे चाळिसांतल्या किती जणांचं लिखाण तू वाचलंयस?"

रेडिओ बंद पडला. असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं.

मग आत्यानं टॅबलेट स्वतःकडे ओढला. ती अक्षरं शिकली एकसष्टाव्या वर्षी, वाचनालयातल्या दुपारच्या वर्गात. पंगतीला उशिरा बसलेला माणूस ताटातलं काही सोडत नाही, तसं तिचं वाचणं होतं. साबणाचं वेष्टण, गोळ्यांच्या पाकिटातला बारीक कागद, तिकिटाची मागची बाजू, सगळं बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत. तिच्या बोटाखालून मंगळवारी नऊ ब्लॉग गेले, बुधवारी अकरा.

"हा फक्त वाद्यांबद्दल लिहितो, गळ्याबद्दल एक अक्षर नाही. हिला नाचता येईल अशीच गाणी लागतात, तुझ्या गाण्यावर नाचायला गेलं तर माणूस पेंगेल. आणि यानं तर दोन वर्षांत काही लिहिलेलंच नाही. दाराला कुलूप आहे गं बाई, आणि तू घंटा वाजवत बसलीस!"

"तू मला धीर देतेयस की काढून घेतेयस?"

"रस्ता साफ करतेय. गप बस."

बुधवारी संध्याकाळी तिचं बोट एका ठिकाणी थांबलं. 'सावकाश' नावानं कुणीतरी लिहीत होतं. आठवड्याला एकच गाणं. गेल्या महिन्यातल्या एका गाण्यात गायकाच्या खुर्चीची करकर तशीच राहून गेली होती. सावकाशनं त्या खुर्चीवर तीन परिच्छेद लिहिले होते.

"हा आपला माणूस," आत्या म्हणाली. "खुर्चीला तीन देतो, तर डब्याला चार देईल."

रेडिओनं मान खाली घातली. कारण तिच्या गाण्याला जो ठेका होता तो ढोलाचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. तो आत्याच्या बटणांच्या डब्याचा होता. आधी अर्धा भरलेला, मग पाव, आणि शेवटी एकच बटण आत ठेवून हलवलेला. आत्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ओळखला होता. चौतीस वर्षं ऐकलेला आवाज तो. पण पत्रात रेडिओनं लिहिलं होतं, 'आधुनिक तालवाद्यं'.

"डबा का नाही लिहिलास?"

"लोक म्हणतील, हिच्याकडे ड्रम घ्यायला पैसे नाहीत."

"आहेत?"

"नाहीत."

"मग? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तुझ्याकडे जे आहे ते एकशे चाळिसांत दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि तेच तू पदराखाली धरलंस."

सावकाशच्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत आणखी काही होतं. रेडिओ तिथवर कधी गेलीच नव्हती. मला गाणं पाठवायचं असेल तर, असं म्हणून त्यानं लिहिलं होतं: फाईल जोडू नका, लिंक द्या. जे मला ऐकून कळणार नाही तेवढंच सांगा. मी गुरुवारी दुपारी ऐकायला बसतो. उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करून द्या, दुसऱ्यांदा नको.

"म्हणजे आपलं एकदा दार वाजवून झालं," रेडिओ म्हणाली. "आता एकदाच उरलं. नीट विचार करून लिहायला हवं. उद्या सुट्टी मिळते का बघते. नाहीतर परवा..."

"उद्या गुरुवार आहे."

"अगं, पण घाईत काहीतरी चुकलं म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी काही मिळाली नाही. रेडिओ कामावर गेली, आणि आत्यानं भांडी विसळून, हात पुसून, टॅबलेट मांडीवर घेतला. रेडिओचं ईमेल उघडंच होतं. एका बोटानं सात ओळी लिहायला तिला सव्वा तास लागला.

'सावकाश यांस. तुम्ही खुर्चीबद्दल लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. माझ्या भाचीनं तीन आठवड्यांपूर्वी तुम्हाला पत्र पाठवलं होतं. त्यात तिनं तालवाद्यं लिहिलं, पण तो माझा बटणांचा डबा आहे. मी तो चौतीस वर्षं दारोदार वाजवला. गाण्याच्या शेवटी त्यात एकच बटण आहे, ते हाडाचं आहे. गाणं कपाटात म्हटलं आहे, कपाटाचं दार मी धरलं होतं. ही आमची एकदाची आठवण.'

तिनं ते पुन्हा बोट ठेवून वाचलं आणि साडेबाराला पाठवून दिलं.

संध्याकाळी रेडिओनं ते उभ्यानंच वाचलं. वाचता वाचता ती हसली, मग डोळे पुसले, आणि मग एकदम किंचाळली.

"आत्या! लिंक कुठेय?"

"दिली नाही."

"विसरलीस?"

"विसरेन कशी? माल पहिल्या हाकेला दाखवायचा नसतो. आधी डबा वाजवायचा. बाई म्हणते, बघू काय आहे. मग झाकण उघडायचं. माझी सगळी विक्री अशीच झाली."

"अगं, त्यानं स्वतः लिहिलंय, लिंक द्या! एकदाच आठवण करून द्यायची होती आणि तू रिकामी पिशवी पाठवलीस! आता मला परत लिहिताही येत नाही." रेडिओ धप्पकन खाटेवर बसली. "मला म्हणालीस भांडं लपवलं. आणि तू?"

 आत्या उठली, खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. रेडिओ बघत राहिली.

"चुकलंच माझं," आत्या म्हणाली. "दारात मी अशी उभी असायचे. डबा उघडला नाही तरी पिशवी बाईला दिसायची. हवं ते हाताच्या अंतरावर आहे, हे तिला ठाऊक असायचं. कागदाला खांदा नसतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मग आता?"

"आता दोन गोष्टी. तुझ्या यादीतली ती बाई आहे ना, घरच्या घरी केलेल्या गाण्यांबद्दल लिहिणारी? तिला आजच लिही, लिंकसकट. डबा सांग, कपाट सांग, पाच ओळींच्या वर जाऊ नकोस. आणि दुसरं म्हणजे या सावकाशाला वेळ दे. ज्यानं खुर्चीची करकर सोडली नाही, तो एक हाडाचं बटण सोडायचा नाही."

"एवढी खात्री कशावरून?"

"दार लागतं तेव्हा आवाज येतो. अजून आलेला नाही."

रेडिओनं त्या बाईंना लिहिलं. पाच ओळींसाठी तिनं चार कागद फाडले, पण लिहिलं ते नेमकं लिहिलं. त्या बाईंचं उत्तर लगेच आलं, की गाणं आवडलं, पण पुढचे दोन आठवडे भरलेले आहेत, त्यानंतर नक्की. शनिवारच्या कामाचं ते नव्हतं. पण एकशे चाळीस पत्रांना जे मिळालं नाही, ते एका पत्राला मिळालं होतं. रेडिओ चार घास जास्त जेवली.

शुक्रवारी सकाळी ती केस विंचरत असताना टॅबलेट वाजला. एकच ओळ होती.

'डबा ऐकायची फार इच्छा आहे. जुन्या पत्रातली लिंक उघडत नाही. गाणं कुठाय?'

"उघडत नाही?" रेडिओ ओरडली. "म्हणजे तीन आठवडे... एकशे चाळिसांनाही..."

"त्याचं रडगाणं नंतर. आधी याला दे."

रेडिओनं नवी लिंक चिकटवली. आत्यानं आपल्या बोटानं दाबून बघितली. गाणं वाजलं, डबा वाजला. मग रेडिओची बोटं पुढे धावायला लागली तशी आत्यानं तिचा हात धरला.

"पुढे काही लिहू नकोस."

"निदान आभार?"

"तेवढं लिही. झाकण उघडल्यावर बडबड करायची नसते. बाई बटणं बघत असते."

शनिवारी सकाळी सावकाशच्या पानावर गाणं आलं. आत्यानं मोठ्यानं वाचलं, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. चार परिच्छेद डब्यावर होते. पाचव्यात आवाजाबद्दल लिहिलं होतं, की गाणारी दाराकडे तोंड करून गातेय आणि दाराबाहेर कुणीतरी आहे हे तिला माहीत आहे. शेवटची ओळ अशी होती: दुसरं कडवं लांबलं आहे, दोन ओळी कमी चालल्या असत्या.

"ही शेवटची ओळ झाकून दाखवता येईल का?" रेडिओ म्हणाली.

आत्यानं तीच ओळ बोट ठेवून पुन्हा मोठ्यानं वाचली. 

दोघी अकराला हॉलवर पोचल्या. हॉलच्या बाई खुर्च्यांवर खुर्च्या चढवत होत्या. बाईंनी टॅबलेट हातात घेतला आणि उभ्या उभ्या, भुवई वर करून, सगळं वाचलं.

"दुसरं कडवं लांबलंय म्हणतो," त्या म्हणाल्या.

"म्हणजे दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकलंय त्यानं," आत्या म्हणाली.

बाई हसल्या. त्यांनी फळ्यावर रविवारपुढे खडूनं रेडिओचं नाव लिहिलं आणि खडूचा हात झटकत वळल्या.

"आणि तो डबा? उद्या तो आणणार ना गं?"

रेडिओनं तोंड उघडलं, पण आत्या एक पाऊल पुढे आली होती.

"डबा माझा आहे," ती म्हणाली. "मला विचारा. आणि मला बसायला खुर्ची लागेल. करकरणारी असली तरी चालेल."