पुजलेली बंदूक

सोपानराव होते तोवर खंडेनवमीला बंदुकीची पूजा झाली, की ते स्वतः ती पुसून तेल लावून ठेवत. ते गेल्यावर रतनबाईंनी पूजा सोडली नाही. दूधपाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. तेल मात्र राहिलं. नळीवर तांबूस खपल्या धरल्या, घोडा जाम झाला.

“पूजा करकरून सडवलीस गं आई,” रोहिदास म्हणाला. “आधी दुरुस्त करू, मग विकू. गंजकी कोण घेतंय?”

परवाना रतनबाईंच्या नावावर, म्हणून लेकानं त्यांना मोटरसायकलवर बसवून दौंडला बंदुकीच्या दुकानात आणलं. वाटेत दोन्हीकडं ऊस. याच बंदुकीचा बार हवेत काढून सोपानराव आणि धाकटे दीर हौसराव रानडुकरं पळवायचे, मग रानातल्या राखणीच्या माळ्यावर बसून दोघं पोट धरून हसायचे. आता हौसरावांच्या लेकानं, गोकुळनं ट्रॅक्टर घालून सामाईक बांध फोडला होता. तेव्हापासून रोहिदास घरात धड बोलत नव्हता. बोलला ते एवढंच, की बंदूक विकू.

दुकानदारानं नळी उजेडाकडं धरली. “गंज वरवरचाच हाय, आजी. घोडा मोकळा केला की झाली चालू.” मग रोहिदासला म्हणाला, “फोनवर काडतुसाचं विचारत होता ना? ती आजींच्या परवान्यावरच मिळत्यात.”

रतनबाईंनी लेकाकडं पाहिलं. विकायच्या बंदुकीला काडतुसं कशाला?

“बिबट्या फिरतोय, मामा,” रोहिदास दुकानदाराला म्हणाला.

“आपल्या रानात कवा आला रे बिबट्या?” रतनबाईंनी विचारलं.

“येतो की. रोज बांधावर उभा ऱ्हातो.”

दुकानदार हसला. रतनबाईंनी पदर सावरला. “दुरुस्त करू नका. हाय तशी विका. आन् तवर इथंच जमा ऱ्हाऊ द्या.”

“भंगारात जाईल, आजी.”

“जाऊ द्या. सही कुठं करू?”

परतीला रोहिदास गाडी अगदी सावकाश चालवत होता.

“रागावलास?”

“न्हाई गं. बिबट्याला कोयता बी पुरतो.”

रानाशी आल्यावर त्यानं गाडी थांबवली. “उतर. तू घरला हो पुढं. मी पाणी बघून येतो.”

रतनबाईंनी मागून त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला.

“उतर म्हन्तो ना, आई.”

“न्हाई उतरत.”

उसापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज बांधाकडं येत होता.