बेडशाच्या दारात थांबलेली तेजल

लोणावळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या यशोधराने सुट्टीभर खपून बेडशाचं लेणं कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. दगडी खिंड, खांब, आतला स्तूप, सगळं जिथल्या तिथे. मुलांनी घरबसल्या मोबाइलवरून आत शिरायचं, आपापल्या नावाचा बाहुला चालवायचा आणि लेण्यात हिंडत शिकायचं. हा तास वेळापत्रकात घ्यायचा की नाही, ते आज प्राचार्य गंगाधर सर ठरवणार होते. सरांचं मत शिपायालाही पाठ होतं: हा निव्वळ पोरखेळ आहे.

"बघू तुमचा खेळ," म्हणत सरांनी केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून आपला बाहुला थेट स्तूपावर नेऊन धडकवला. शेजारी बसलेल्या यशोधराने मोठ्या मुश्किलीने हसू दाबलं. आपलं काम चोख आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

मुलं भराभर आत आली. एकच बाहुली दारात अडून राहिली, टाकवे गावच्या तेजलची.

"अडकली ना!" सरांना चेव चढला. "म्हणून म्हणतो, खऱ्या वर्गाची सर याला येणार नाही."

आता मात्र यशोधराचा जीव टांगणीला लागला. "तेजल, नेट गेलंय का गं?"

"न्हाई मॅडम, नेट हाय," स्पीकरमधून आवाज आला.

"मग आत ये ना."

"कशी येऊ? पायातलं बूट निघंना झाल्यात. कवाधरनं बटणं दाबतीय. तितं स्तूप हाय, बूट घालून कसं जायाचं?"

यशोधरा चपापली. लहानपणापासून ती आई-वडिलांबरोबर बेडशाला जायची, चपला बाहेर काढून स्तूपाला वंदन करायची. आणि बाहुल्यांच्या पायांत बूट चढवले ते तिनेच! तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त आनंद झाला: तेजलला पडद्यावरचं लेणं खरं वाटलं होतं.

"चूक माझी आहे, सर," ती ताठ मानेने म्हणाली. "बूट काढायची सोय मी करते."

तेजलचं बोलणं सगळ्याच मुलांनी ऐकलं होतं. पडद्यावर एकेक बाहुला मागे वळला आणि तेजलच्या शेजारी बाहेर जाऊन उभा राहिला. आत स्तूपाजवळ उरले एकटे गंगाधर सर.

त्यांनी घसा खाकरला. "मॅडम, यातून बाहेर कसं यायचं हो? आणि ते बुटांचं तेवढं सोमवारच्या तासाआधी करून टाका."