सातव्या तळ्याचा रिकामा रकाना

मी क्रॅकर बिस्किटांचा एक जुना, चौकोनी, पत्र्याचा डबा आहे. झाकणावर पूर्वी एक ऐटबाज लाल कोंबडा होता; आता त्याची शेपटी तेवढी उरली आहे. मित्रांनो, माझ्या पोटात बिस्किटे होती ती जेमतेम दोन महिने. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक मी बेडकांची मोजदाद सांभाळतो आहे.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते कोलोरॅडोच्या डोंगरातल्या आमच्या संशोधन केंद्रावर, स्वयंपाकघराच्या फळीवर. एकोणीसशे एकाहत्तरच्या जूनमध्ये वर्ना टॉलेफसन नावाची एक उंच, अबोल मुलगी स्वयंपाकीण इर्मासमोर येऊन उभी राहिली. आदल्या उन्हाळ्यातले तिचे सगळे कागद उंदरांनी घरट्यासाठी कुरतडून नेले होते.

"इर्मा, एखादा घट्ट झाकणाचा डबा देतेस?"

"आधी त्यातली बिस्किटं संपव," इर्मा म्हणाली. "उंदरांनी तुझा अभ्यास खाल्ला, तू माझी बिस्किटं खा. फिट्टंफाट."

वर्नाने दोन दिवस सूपबरोबर तीच खाल्ली आणि मी तिचा झालो.

आमच्याकडे बर्फ वितळला की अंगठ्याएवढे बेडूक तळ्यांत गाऊ लागतात आणि पाणगवताला अंड्यांचे पुंजके चिकटवतात. वर्ना दर आठवड्याला नऊ तळ्यांवर जाई, कमरेएवढ्या गार पाण्यात उतरे आणि पुंजके मोजी. आठवड्याला एक कार्ड, कार्डावर नऊ रकाने. लिहायचे पेन्सिलीने, कारण शाई पाण्यात पसरते. संध्याकाळी जेवणघरातल्या शेगडीपाशी ती कार्डे वाळवी आणि मग माझ्या पोटात ठेवी. त्यांना चिखलाचा आणि लाकडाच्या धुराचा वास येई. ओल्या मोज्यांचाही येई, खोटे कशाला बोलू? ते दिवस मला फार आठवतात. तेव्हा माझा कोंबडा शाबूत होता.

पाहुणे मला हातात घेऊन नवल करत. पण कार्डांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. वर्ना तरुण असताना एका नामवंत प्राध्यापकाने तिच्याकडून एका उन्हाळ्याची कार्डे वाचायला नेली आणि त्यांवर स्वतःच्या नावाने लेख छापला. तिचे नाव तळटीपेतही नव्हते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. वर्नाने मला सुतळीने बांधले, ते कायमचे.

पुढे केंद्रावर कॉन्स्वेलो बाका आली. सगळे तिला चेलो म्हणत. साऱ्यांच्या नोंदी गोळा करून संगणकात नीट लावायच्या आणि जगातल्या कोणालाही वापरता येतील अशा ठेवायच्या, हे तिचे काम. पक्षीवाल्यांनी दिल्या, फुलेवाल्यांनी दिल्या. वर्ना मात्र ताकास तूर लागू देईना.

"वर्ना, उद्या केंद्राला आग लागली तर?" चेलो विचारी.

"तर आधी डबा बाहेर काढ. मग मला."

अशी बारा वर्षे गेली. वर्ना म्हातारी झाली, काठी आली, आणि एका शरद ऋतूत तिला खाली गावातल्या वृद्धाश्रमात जावे लागले. निघताना तिने मला चेलोच्या टेबलावर ठेवले.

"घे. पण मला प्रश्न विचारत बसू नकोस. मला निरोप समारंभ आवडत नाहीत."

चेलोने तिचा शब्द मानला, आणि तिथेच घोटाळा झाला. हिवाळाभर ती एकेक कार्ड संगणकात भरत होती. काही रकान्यांत शून्य होते, काही नुसतेच रिकामे. रिकामा रकाना यंत्र घेईना. बेडूक नसतील म्हणून बाईंनी लिहिले नसेल, असे समजून तिने तिथेही शून्ये भरली. मी शेजारीच उघडा पडलो होतो. मला सगळे ठाऊक होते, पण डब्याला बोलता कुठे येते?

एप्रिलमध्ये मासे सोडणाऱ्या खात्याचे पत्र आले. तुमच्या केंद्राने खुल्या केलेल्या नोंदींनुसार सातव्या तळ्यात अकरा वर्षे एकही बेडूक नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये तिथे ट्राउट मासे सोडायला हरकत नसावी. ट्राउट शिरला की त्या पाण्यात बेडकाचे एक पिल्लू उरत नाही. चेलोच्या मनात पाल चुकचुकली. ती मला गाडीत घालून थेट वर्नाकडे गेली.

वर्नाने चष्मा लावला आणि छापलेल्या कागदावर बोट ठेवले. "इथे शून्य कुठून आलं?"

"रिकामं होतं. मला वाटलं, बेडूक नव्हते."

"नव्हते तर मी शून्य लिहिते. गेले, पाहिलं, काही नव्हतं, म्हणजे शून्य. रिकामं म्हणजे मी गेलेच नाही."

"अकरा वर्षं?"

वर्ना बराच वेळ माझ्या कोंबड्याच्या शेपटीवरून बोट फिरवत राहिली. सातवे तळे सगळ्यांत उंचावर आहे, हे तुम्हाला सांगायचे राहिले.

"गुडघे गेले होते गं," ती म्हणाली. "खोटा आकडा लिहवेना आणि चढवत नाही हे सांगवेना. तुम्ही लगेच कोणातरी पोरासोराला पाठवलं असतं, माझ्या तळ्यांवर."

"मी विचारायला हवं होतं."

"मी विचारू दिलं नाही. लिही आता."

मग वर्नाने सांगितले आणि चेलोने एका कोऱ्या कार्डावर लिहून घेतले: शून्य म्हणजे काय, रिकामे म्हणजे काय. ते कार्ड आज माझ्यात सर्वांत पुढे आहे आणि त्याची प्रत संगणकातल्या नोंदींनाही जोडलेली आहे. चेलोने चुकीची शून्ये पुसली आणि आपली चूक खात्याला लेखी कळवली. खात्याने म्हटले, मग प्रत्यक्ष मोजून दाखवा. जूनमध्ये बर्फ सरकताच ती सातव्या तळ्यावर चढली आणि परस्पर वृद्धाश्रमात गेली. तिची पँट अजून ओली होती.

"एकसष्ट पुंजके."

"पुन्हा मोज," वर्ना म्हणाली. "पहिल्यांदा मोजणाऱ्याचे नेहमी कमी भरतात."

दुसऱ्यांदा अडुसष्ट भरले. ट्राउट आले नाहीत.

मित्रांनो, मी आता गंजलो आहे. लोक म्हणतात, सगळे संगणकात आहे, हा डबा कशाला? ठेवा मला, एवढीच विनंती. आणि तुम्ही जे मोजाल, जे लिहाल, ते दुसऱ्याला द्या. देताना त्याचा अर्थही द्या, आणि ज्याने पाण्यात उतरून मोजले त्याचे नावही.

आता कार्डे चेलो भरते. गेल्या जूनमधले दुसऱ्या आठवड्याचे कार्ड तुम्ही पाहिलेत तर त्यावर नऊच्या नऊ रकाने रिकामे दिसतील. बेडूक होते, गातही असतील. त्या आठवड्यात तळ्यांवर कोणीच गेले नाही. सगळे केंद्र खाली गावात, वर्नाला अखेरचे पोहोचवायला गेले होते.