एक वाजून बारा मिनिटांचा कागद

ही २०२३ सालची गोष्ट. त्या वर्षी अधिक महिन्यामुळे श्रावण दोन महिने लांबला होता. त्याच्या शेवटच्या आठवड्यात मुलुंडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नोंद विभागाला प्रशिक्षण मिळालं. संगणकातली माहिती कशी राखायची, आणि फुटलीच तर माग कसा काढायचा, हे दोन दिवसांत शिकायचं होतं.

प्रेमा सावंत त्या विभागात एकतीस वर्षं होती. लाल कापडात बांधलेली रजिस्टरं तिनं हाताळली होती, हेडक्लार्क लवूकाकांचा ओरडा खाल्ला होता. कुठला रुग्ण कुठल्या सालचा, हे ती संगणक उघडण्याआधी सांगायची. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

प्रशिक्षण कशासाठी, हे कुणी उघड बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. भांडुपच्या भिकाजी राण्यांची मुलगी मानसी हिच्यावर फिट्‌सचे उपचार इथं चालू होते. तिच्या रिपोर्टचा फोटो थेट होणाऱ्या सासरी पोचला आणि साखरपुडा मोडला. राणे तोच फोटो मोबाइलमध्ये घेऊन आले होते. टेबलावर हात आपटला नाही की शिवी दिली नाही. "एवढंच सांगा, दिला कोणी?" म्हणाले, आणि बाकावर बसून राहिले. फोटोत कागदाच्या खालच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख होती आणि वेळही. दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

त्याच दिवशी विभागातला जुना संगणक बंद करून सील केला गेला.

"ट्रेनिंगबिनिंग काही नाही," प्रेमा कॅन्टीनमध्ये म्हणाली. "ती बाई शिकवायला नाही, पकडायला येणार आहे."

"मग पकडू दे ना," नमिता म्हणाली. "तुम्ही दोन दिवस माझ्याकडे अशा बघताय, तुमच्या डोळ्यांनीच माझा एक्स-रे निघेल."

नमिता कंत्राटावर होती, पाचव्यांदा. ह्या वेळी कायम होण्याची आशा होती. हातातून मोबाइल सुटायचा नाही, जिभेला हाड नव्हतं. आणि मुख्य म्हणजे एक ते दीड संगणकासमोरच्या खुर्चीवर ती एकटी असायची. प्रेमा एकच्या ठोक्याला जेवायला जायची, तिच्या अंगठ्याची नोंद दारातल्या यंत्रात होती, एक वाजून एक मिनिट. नमिता एकपर्यंत वॉर्डात फायली गोळा करायची. संगणकावर नाव मात्र दिवसभर प्रेमाचंच असायचं. सकाळी देवासमोर दिवा लावावा तसा ती आपला पासवर्ड टाकायची आणि त्यावर सगळा विभाग काम करायचा. म्हणजे नावावरून काही कळणार नव्हतं, कळणार ते वेळेवरूनच. प्रेमाच्या मनात निकाल लागलेला होता.

शिकवायला आली ती कल्पिता नावाची तिशीतली मुलगी. अंधेरीच्या एका कंपनीत होती, राहायला मढला. बरोबर काळी पेटी. पहिल्याच तासाला तिनं सांगितलं, संशयाच्या यंत्राला हात लावण्याआधी फोटो काढायचा, मूळ वस्तूवर काम करायचं नाही, तिची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवर करायचं. कोण कधी आलं, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं, सगळं लिहायचं.

दुसऱ्या दिवशी प्रशासन अधिकारी राजेशसाहेब सील केलेला संगणकच घेऊन वर्गात आले.

"सराव यावरच करा मॅडम. एका दगडात दोन कामं होतील."

"सर, मी शिकवायला आलेय," कल्पिता म्हणाली. "चौकशी वेगळी असते. त्याची वेगळी परवानगी लागते."

"परवानगी मीच देतो, लेखी. करा."

कुणी कुणाकडे बघेना. प्रेमानं मात्र नमिताकडे पाहिलं. नमिता नखं कुरतडत होती.

कल्पितानं प्रत काढली, पडद्यावर नोंदी उघडल्या. मानसीचा रिपोर्ट छापल्याची वेळ तिथंही तीच होती. एक वाजून बारा. राजेशसाहेबांनी खुर्ची वळवली. "नमिता, आता काय म्हणणं आहे तुझं?"

"मी नाही दिला. देवाशपथ नाही दिला, साहेब."

"थांबा," कल्पिता म्हणाली. "यंत्र सांगतं ती वेळ खरी कशावरून? या संगणकाला बाहेरचं इंटरनेट नाही. आतली बॅटरी मेलीय, बंद केला की तारीखवेळ विसरतो. मघाशी सुरू केला तेव्हा २००९ सालातली एक जानेवारी दाखवत होता. म्हणजे रोज सकाळी कुणीतरी हातानं वेळ लावतं. कोण?"

"प्रेमाबाई," राजेशसाहेब म्हणाले. "त्या अगदी चोख लावतात."

"कशावरून लावता, काकी? मनगटावरच्या घड्याळावरून की मोबाइलवरून?"

प्रेमानं आपल्या मनगटाकडे पाहिलं.

ती वेळ लावायची विभागातल्या भिंतीवरच्या घड्याळावरून. ते पंधरा मिनिटं पुढे होतं. लवूकाकांनीच ते तसं ठेवलं होतं, खिडकीवरची माणसं वेळेत हलावीत म्हणून, आणि ते गेल्यावरही कुणी मागे केलं नाही. घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. संगणक त्यावर लागतो हे फक्त तिला. एक बारामधून पंधरा गेले की उरतात बारा सत्तावन्न. त्या वेळी खुर्चीत ती स्वतः होती.

आणि मग तिला ती बाई आठवली. हिरव्या नऊवारीतली, कपाळावर घाम. "आमच्या चेडवाचो कागद व्हयो होतो गो बाय. गावच्या डाक्टराक दाखवूचो आसा. मी तिची आत्या." खयची तू, असं प्रेमानं विचारलं होतं. देवगडची, ती म्हणाली होती. प्रेमाच्या माहेरापासून तीन कोसांवर. ओळखपत्र काय मागायचं आपल्या माणसाकडे? तिनं कागद काढून दिला होता, वर पाणीही पाजलं होतं. चार दिवस ती चोर शोधत होती, पण चोरी म्हणजे कुणीतरी संगणकातून काहीतरी काढून नेलेलं, असंच तिच्या डोक्यात होतं. तो कागद तिच्या लेखी चोरी नव्हताच. शिवाय तो जेवणाआधीचा.

"काकी?"

"जरा चहा घेऊ या का?" प्रेमा म्हणाली.

जिन्यात नमिता उभी होती. मोबाइल हातात, पण बोलत नव्हती. प्रेमाला पाहून तिनं पदरानं डोळे पुसले.

"बघा, पोटभर बघून घ्या. तुमच्या मनासारखं झालं ना?"

मनगटावरचं घड्याळ, एवढे दोनच शब्द पुरले असते. कुणी ताडून बघणार नव्हतं. एकतीस वर्षांत प्रेमा सावंतच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. आठ महिन्यांनी शाल, नारळ, चार भाषणं. आणि ही पोरगी उद्या घरी.

नमिता तिला आवडत नव्हती. आजही आवडली नाही.

वर्गात परतल्यावर ती बसली नाही. "भिंतीवरच्या घड्याळावरून लावते," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं पुढच्या. कागद मी दिला. मुलीची आत्या म्हणून आली होती, देवगडची. मी काही विचारलं नाही."



"अहो, तुम्ही?" राजेशसाहेब म्हणाले. "बाई, तुम्ही कशाला मध्ये पडताय? मॅडम, हे आता नोंदवायचं का?"

"नोंदवायलाच लागेल, सर. काकी, तुमच्या अक्षरात लिहा. वेळेसकट."

"आयला, ताई!" नमिता म्हणाली.

चौकशी झाली. आत्या मुलीची नव्हतीच, मुलाची होती. तिला कुणी काही करू शकलं नाही. त्या मुलाचं लग्न त्याच मार्गशीर्षात कणकवलीला झालं.

प्रेमाला उरलेले आठ महिने कपड्यांच्या भांडारात चादरी मोजायला बसवलं. निरोपसमारंभ झाला नाही. ती आता बोरिवलीला भावाकडे असते. नमिता कायम झाली, वर्षभर उशिरानं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला आणि ओळखपत्राशिवाय ती डॉक्टरांच्या बायकोलाही कागद देत नाही. प्रेमाला दिवाळीला फोन करते, दोन मिनिटं बोलते, पूर्वीसारखीच तिरकस. राजेशसाहेब कुर्ल्याच्या दुसऱ्या रुग्णालयात गेले. कल्पितानं नोकरी सोडून स्वतःचे वर्ग काढले.

भिकाजी राण्यांकडे प्रेमा एकदाच गेली, भांडुपला, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी आत बोलावलं, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मानसी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही. घाटकोपरच्या एका शाळेत ती आता चित्रकला शिकवते, आणि नोकरीच्या अर्जात आपल्या आजाराचं नाव तिनं स्वतःच लिहिलं होतं, असं राणे म्हणाले.