दोन बोटांची जागा

मित्रांनो, मी एक जुना कासरा आहे, आणि काल मला राग आला होता.

नऊ वर्षं मी बोरगाव मेघेतल्या एका घराच्या भिंतीवर, खुंटीला निवांत टांगलेला होतो. काल संध्याकाळी रूपरावांनी मला खाली उतरवलं आणि झटकलं. अंगावरची धूळ उडाली तेव्हाच मी समजून चुकलो. कोपऱ्यात पोत्यावर काहीतरी कुईकुई करत होतं. या घरात पुन्हा एक पिल्लू आलं होतं. मागच्या वेळी काय झालं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि मला तर कुणी विचारत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म १९७२ सालचा, देवळीकडच्या एका खेड्यातला. रूपरावांचे वडील वासुदेवराव यांनी बांधावरची अंबाडी कापून नाल्याच्या पाण्यात भिजत घातली, सोलून तिचा वाख काढला आणि पावसाच्या झडीत ओसरीवर बसून तीन पेडांचा मला वळला. त्या पोळ्याला मी पहिल्यांदा बैलाच्या वेसणीला लागलो. तो कवड्या नावाचा नवा गोऱ्हा होता, तांबडा, अंगावर पांढरे ठिपके. वासुदेवराव त्याला शिकवत. ते कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. माझं टोक हातात धरून ते नुसता एक हलका हिसका देत, आणि गोऱ्हा वळला की तेवढ्यात मला सैल सोडत. सैल सोडणं हेच त्यांचं शाबासकी देणं होतं.

त्यांची एक सवय होती. वेसण बांधून झाली की तिच्याखाली दोन बोटं घालून पाहायची. बोटं गेली तरच मला बांधायचं. रूपराव तेव्हा तरणे होते, शेजारी उभे असत. "जनावराले जागा ठेव, रूप्या," वासुदेवराव म्हणत. "आवळलं का ते आपलं राह्यत नाई." दर पोळ्याच्या आधी ते मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून सरकवत, कुठे झिजलो का ते बघत.

तेव्हा माझा काय मान होता! गावात सकाळ माझ्यावर मोजत. कासराभर दिवस वर आला, आता निघा, असं म्हणत. सूर्याला मापणारा मी, पुढे कुत्र्याच्या गळ्यात पडलो.

वासुदेवराव वारले. शेती थोरल्या भावाकडे राहिली आणि रूपरावांना वर्ध्याला एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. बोरगाव मेघेत त्यांनी दोन खोल्यांचं घर केलं. मी आलो तो ट्रंकेला बांधलेला. नंतर दोन वर्षं विमलाबाईंची, म्हणजे रूपरावांच्या बायकोची, ओली लुगडी माझ्यावर वाळत होती. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

१९७९ च्या जानेवारीत रूपराव खिशातून, हो, कोटाच्या खिशातूनच, एक पिल्लू घेऊन आले. किराणा दुकानदार ताराचंदनं दिलेलं. "असली आल्सेशन है, रूपरावजी, बाप बंगलेवाला है इसका," असं तो म्हणाला होता. चार दिवसांत ते बंगलेवालं पिल्लू चांगलं तांबडं, पांढऱ्या ठिपक्यांचं गावठी कुत्रं निघालं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ठिपके बघून रूपरावांनी त्याला आपल्या बैलाचं नाव दिलं, कवड्या. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बैलं शिकवले मी, हे तं वीतभर कुत्रं हाय," रूपराव बायकोला म्हणाले. "आठ दिवसांत सरळ करतो."

मित्रांनो, बैल त्यांनी कधीच शिकवले नव्हते. शिकवताना पाहिले होते.

त्यांनी अंगणात खुंटा ठोकला आणि मला त्या पिल्लाच्या गळ्यात बांधलं. दोन बोटं वगैरे काही नाही, गच्च गाठ. मग माझं टोक धरून ते "हो हो, चल, हो हो" करत त्याला गोलगोल फिरवायला लागले. बैलाच्या नाकात वेसण असते, तिथं माझा हलका हिसका पुरतो. पिल्लाला नुसता गळा होता. प्रत्येक हिसक्याला ते खोकायचं, चारी पाय जमिनीत रोवून बसायचं. "अडेल हाय," रूपराव म्हणायचे आणि आणखी जोरात ओढायचे. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. गळा आवळल्यावर कोण चालेल हो?

बाकीचं शिक्षणही असंच. पिल्लानं पहाटे सारवलेल्या अंगणात मुतायचं, रूपरावांनी आठ वाजता उठून त्याचं नाक तिथं घासायचं. इतक्या वेळानं त्याला काय कळणार? ते बिचारं स्वतःचं ओलं नाक चाटत बसायचं. विमलाबाई डोक्याला हात लावत. "माह्या अंगणाचा उकिरडा केला या मेल्यानं," म्हणत आणि पुन्हा शेण कालवायला घेत. सगळ्यात वाईट म्हणजे हाक मारण्याची तऱ्हा. "कवड्याऽ" अशी हाक आली आणि ते शेपूट हलवत आलं की एक तर चपराक तरी मिळायची, नाहीतर माझं टोक खुंट्याला बांधलं जायचं. महिन्याभरात ते हाकेला यायचंच बंद झालं. मग न आल्याबद्दल मार. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण इथं घडा कुणाचा पालथा होता ते तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट मात्र त्याला आपोआप आली. विमलाबाई त्याच्यावर रोज चिडायच्या, पण दिवस मावळायच्या आत जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली ओट्याच्या दगडावर तीनदा ठक ठक ठक आपटून तिच्यातली उष्टी भाकर झाडायच्या. ती ठकठक ऐकली की कवड्या जिथं असेल तिथून उड्या मारत यायचा. त्या वेळी त्याला कुणी मारत नसे आणि बांधतही नसे. हे शिकवणं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, खुद्द विमलाबाईंच्याही नाही.

मग त्याचे दात पडायला, नवे यायला लागले. हिरड्या शिवशिवत होत्या, चावायला कुणी काही दिलं नाही. मीच सापडलो. गळ्यापासून हातभर अंतरावर त्यानं माझ्या तीन पेडांपैकी दोन कुरतडून तोडले. मी एका पेडावर लटकत होतो. वासुदेवराव असते तर हातातून सरकवताना त्यांना लगेच लागलं असतं. रूपरावांनी मला एकदाही हातातून सरकवलं नाही. मला त्या पिल्लाचा राग यायचा, रूपरावांचा त्याहून जास्त यायचा.

मे महिना आला. तुम्हाला वर्ध्याचं ऊन सांगायला नको. रूपराव सकाळी कवड्याला निंबाच्या सावलीत बांधून कचेरीत गेले. सावली काही खुंट्याला बांधलेली नसते, ती दुपारी सरकून गेली. पाण्याचा गंज त्यानं लवंडला होता. सुटायच्या धडपडीत तो खुंट्याभोवती फिरत राहिला आणि प्रत्येक फेरीला मी आखूड होत गेलो. शेवटी त्याचं डोकं खुंट्याला टेकलं. तो धापा टाकत होता आणि मी त्याचा गळा दाबत होतो. हो, मीच. ते मी नाकारत नाही.

कोकिळा, रूपरावांची नऊ वर्षांची मुलगी, शाळेला सुटी म्हणून घरी होती. ती पळत आली आणि मला सोडवायला तिनं हात गाठीत घातला. मी आणखी आवळला गेलो. कवड्यानं मान फिरवून जे समोर आलं ते चावलं. तिच्या उजव्या मनगटावर दोन दात लागले. तिच्या किंकाळीला विमलाबाई धावत आल्या आणि त्यांनी खुंट्यावरचे माझे वेढे उलगडले.

थोड्या वेळात शेजारचे भैयाजी आले. त्यांना सगळं ठाऊक असतं. "तोंडातून फेस येऊन राह्यला, पिसाळलं हाय हे," ते म्हणाले. "गोणपाटात टाका अन् रेल्वेच्या पलीकडे सोडून या. नाई तं काठी आणतो मी."

"त्याचा गळा आवळला होता म्हणून चावला," कोकिळा रडत म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. भर दुपारच्या उन्हात तहानलेल्या कुत्र्याच्या तोंडाला फेस येणार नाही तर काय दूध येणार? पण चोर सोडून संन्याशाला फाशी, ही जगाची जुनीच रीत.

विमलाबाईंनी मात्र डोकं ठिकाणावर ठेवलं. जखम साबणानं खळखळून धुतली आणि मुलीला घेऊन रिक्षानं सेवाग्रामच्या दवाखान्यात गेल्या. परत आल्या त्या गंभीर चेहऱ्यानं. डॉक्टरांनी तेव्हाच्या रीतीप्रमाणे सांगितलं होतं: कुत्र्याला मारू नका, सोडू नका, दहा दिवस बांधून खाऊपिऊ घाला. दहा दिवस धडधाकट राहिलं तर काळजी नाही. मेलं किंवा हरवलं, तर पोटात चौदा इंजेक्शनं.

"दाभणाएवढी सुई असते," भैयाजींनी कोकिळेसमोरच सांगितलं. तेव्हापासून ती दोन्ही हात पोटावर धरून बसायला लागली. भिंतीवर ती रोज कोळशानं एक रेघ ओढायची.

आता बघा माझी काय अवस्था झाली असेल. त्या मुलीची चौदा इंजेक्शनं माझ्या एका पेडावर लोंबत होती. घरातली सगळी माणसं कुत्र्याकडे बघत होती, तो पाणी पितो का, उजेडाला भितो का. दोराकडे कुणी बघेना. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस मी तग धरून होतो.

आठव्या दिवशी, चारच्या सुमारास, रस्त्यावरून एक वरात निघाली. बँड होता, आणि कुणीतरी फटाक्यांची लड लावली. कवड्या घाबरून उसळला. मी तुटलो.

बराचसा मी खुंट्याला राहिलो आणि हातभर मी त्याच्या गळ्यात फरफटत नाल्यावरच्या मोरीत जाऊन दडलो. रूपराव कचेरीतून आले ते तसेच शोधायला निघाले. "कवड्या! कवड्याऽ!" त्यांचा आवाज जवळ आला की तो आणखी आत सरकायचा. ते त्या मोरीवरून दोनदा गेले. मी त्याच्या गळ्याभोवती होतो, त्याचं काळीज कसं उडत होतं ते मला कळत होतं. माझ्या मनात एकच विचार होता. वाळलेली अंबाडी असलो म्हणून काय झालं, मलाही त्या पोरीचं पोट दिसत होतं.

दिवस मावळायला आला. कोकिळा दारात बसून होती, रडणंही थांबलं होतं तिचं. "माय," ती म्हणाली, "तो तुह्या ताटलीले येते."

विमलाबाई रस्त्यावर उभं राहून कधी मोठ्यानं बोलल्याही नव्हत्या. त्या दिवशी त्या डोक्यावरचा पदर सावरत, हातात जर्मनची ताटली आणि दगड घेऊन भर रस्त्यातून निघाल्या. ठक ठक ठक. लोक ओट्यावर येऊन बघायला लागले. भैयाजी हसले. ठक ठक ठक, नाल्यापर्यंत.

कवड्याचे कान उभे राहिले. तो मोरीतून बाहेर आला, चिखलानं भरलेला, आणि पोट जमिनीला घासत त्यांच्या पायाशी जाऊन बसला.

रूपराव धावत आले. दोन तासांची भीती त्यांच्या हातात जमली होती आणि तो हात वर गेला.

"हात खाली घ्या," विमलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आला तं मारता, नाई आला तं मारता. मंग त्यानं शिकावं तरी काय?"

रूपरावांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली आणला आणि माझ्या उरलेल्या तुकड्याला धरायला माझ्याखाली बोट घालायला गेले. बोट गेलं नाही. पिल्लू सहा महिन्यांचं झालं होतं, पण माझी गाठ जानेवारीतलीच होती. माझ्याखाली केस झडून कातडी लाल झाली होती. ते तिथंच उकिडवे बसले.

"बाबानं सांगतलं होतं मले," ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले ते मला कळलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी माझे दोन्ही तुकडे सांधले, मला टोकापासून टोकापर्यंत हातातून सरकवलं आणि कवड्याच्या गळ्यात दोन बोटं ठेवून बांधलं. उरलेले दोन दिवस रजा टाकून ते त्याच्याजवळ सावलीत बसले. सावली सरकली की खुंटाही सरकायचा. कोकिळेनं दहावी रेघ ओढली आणि रेघेखाली उभी राहून पोटभर जेवली. अकराव्या दिवशी रूपरावांनी मला काढून खुंटीवर टांगलं. कवड्याला पुन्हा माझी गरज पडली नाही. हाकेला तो यायचा, कारण हाक मारणाऱ्याच्या हातात आता भाकर असायची. गेल्या दिवाळीत तो म्हातारा होऊन गेला.

मित्रांनो, तुम्हीही कधी पिल्लू आणाल. आणा. पण त्याला जे शिकवायचं ते आधी आपल्या हाताला शिकवा, आणि त्याच्यासाठी कुठलाही दोर घेतलात तर त्या दोराकडेही एकदा बघत जा. याहून जास्त मी काय मागणार?

तर काल रूपरावांनी मला उतरवलं. मी ताठ होऊन बसलो होतो, म्हटलं झालं, पुन्हा सुरू. तेवढ्यात कोकिळा कॉलेजातून आली. ती आता अठरा वर्षांची आहे. "बाबा, द्या इकडे," म्हणून तिनं मला घेतलं. माझी जुनी गाठ ओढून पाहिली. मग ती पिल्लाजवळ बसली, मला त्याच्या गळ्यात सैल बांधलं आणि उजव्या हाताची दोन बोटं माझ्याखाली सरकवली. मनगटावर दोन पांढरे ठिपके आहेत अजून. पिल्लानं मान वळवून तिचा हात तोंडात धरला, आणि तिनं तो काढून घेतला नाही.