शिरीषाखालचा मका

मित्रांनो, मी एक जुना शिरीष आहे आणि माझ्यावर मका खाल्ल्याचा आरोप आहे. तो मला मान्य नाही.

वहिनी लग्न होऊन या घरात आल्या, त्याच वर्षी त्यांनी मला शेताच्या मधोमध लावलं. मी गुरांना पाला दिला, जमिनीला खत दिलं. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, माझ्याच बुंध्याला टेकून डबा खायचे. तेव्हा मी गुणी होतो.

मग संकरित मक्याचं बियाणं आलं. भाऊजींनी पिशवीवर छापलेलं अंतर धरलं आणि पार माझ्या मुळांपर्यंत दाट मका टोकला. माझ्या खालच्या फांद्या तशाच लोंबत होत्या. कोवळा मका उजेड शोधत उंच गेला, काठीसारखा बारीक राहिला, फिका पडला. भाऊजींना वाटलं, तो उपाशी आहे. त्यांनी युरिया वाढवला. मका आणखी उंच झाला आणि पहिल्याच वाऱ्यात लोळला. कणसांत दाणे होते, पण म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखे.

भाऊजी कुऱ्हाड घेऊन आले.

“वहिनी, हे झाड आपलंच खातं आणि आपल्यालाच वाकुल्या दाखवतं. आज निकाल लावतो.”

“मका लावला कसा, ते आधी सांगा.”

“पिशवीवर लिहिलंय तसा.”

“पिशवीवर लख्ख ऊन छापलंय, भाऊजी. झाड कुठंय त्यात?”

“मग काय, सूर्य खाली आणू?”

“छत्री अर्धी मिटा. खालच्या फांद्या उतरवा, बुंध्याभोवती जागा सोडा, मका विरळ लावा. एवढं करून पिकला नाही, तर पहिला घाव मीच घालते.”

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. पण मी मान खाली घातली नाही.

पुढच्या हंगामाआधी माझ्या फांद्या उतरल्या. त्यांचा पाला माझ्याच पायाशी पसरला गेला. मक्याच्या ओळींवर उन्हाचे कवडसे पडू लागले. ताटं ठेंगणी राहिली, पण जाड झाली. नेमका तुरा येताना पाऊस दडला आणि गरम वारा सुटला. उघड्यावरच्या कणसांचे केस करपले. माझ्याखाली ओल टिकून होती.

खोटं बोलणार नाही. पाऊस नीट झाला, तर उघड्यावरचा मका माझ्याखालच्यापेक्षा जास्तच पिकतो. त्या वर्षी मात्र भरलेली कणसं माझ्याखाली होती.

भाऊजींनी एक सोललं, दाण्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वर पाहिलं.

“नशीब तुझं,” ते म्हणाले.

“त्याचं कसलं? आपलं म्हणा,” वहिनी म्हणाल्या आणि टोपली त्यांच्या हातात दिली.

तर मित्रांनो, सावलीला दोष देण्याआधी तिचं माप घ्या. दरवर्षी फांद्या मागा, मी देईन, नव्या फुटतील. बुंध्याकडे कुऱ्हाड घेऊन येणाऱ्याने मात्र आधी माझ्याखालचं एक कणीस सोलून पाहावं. सावकाश पाहावं. मी कुठे जात नाही.