अडलेली झडप

तीर्थपुरीत मोटार अशी एकच होती, काकासाहेबांची. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि तेव्हापासून ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत पडून होती. तिच्या टपावर कोंबड्या बसत. पुढं काकासाहेब वारले, लढाईही संपली, पण मोटारीकडं कुणी फिरकलं नाही. त्यामुळं शिमगा झाल्यावर एका सकाळी काकासाहेबांच्या पत्नी तुळजाबाई पदर खोचून त्या खोलीत शिरल्या, तेव्हा त्यांच्या मुलाला, बद्रीनाथला वाटलं, माय अंडी शोधायला गेली असेल.

“बद्री, ही मोटार चालू करायची,” त्या आतूनच म्हणाल्या. “गोजरचे दिवस भरायच्या आत.”

गोजर म्हणजे गोजरबाई, त्यांची सून. तिच्या पहिल्या खेपेची गोष्ट त्या घरात कुणी काढत नसे. मूल आडवं होतं. सुईणीनं हात टेकले, मग बैलगाडीत गादी घालून तिला जालन्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले. रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. अंबड यायच्या आतच मूल गेलं. गोजर कशीबशी वाचली. जालन्याच्या डॉक्टरणीनं तिला तपासून तुळजाबाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की पुढच्या वेळी आधीच घेऊन या, पण हिला पुन्हा बैलगाडीत घालू नका. असे धक्के हिला सोसायचे नाहीत. सरकारी मोटार अंबडपर्यंत येई, तिथून पुढं तीर्थपुरीकडं काही नाही. आणि आता गोजरला पुन्हा सहावा सरला होता.

बद्रीनाथनं वाद घातला नाही. वडिलांच्या हाताखाली तो पोरवयात मोटार चालवायला शिकला होता. त्यानं जालन्याहून एक मेस्त्री आणला. मेस्त्रीनं टायर बसवले, टाकी धुतली, तारा बदलल्या, आणि शेवटी इंजिनाच्या कुशीतून कार्बोरेटर काढून हातात घेतला. तो फिरवून पाहिला, ठोकून पाहिला, आणि फळीवर ठेवून दिला.

“ह्याचा दगड झालाय,” तो म्हणाला. “नवा आणा. पण ह्या गाडीचा नवा आता विलायतेतसुद्धा बनत न्हाई.”

एवढं बोलून तो गेला. बद्रीनाथ उंबऱ्यावर डोकं धरून बसला. तुळजाबाईंनी तो पितळी ठोकळा उचलला. नारळाएवढा, पण चांगला जड. मध्ये एक नळीसारखं भोक, त्यात एक गोल चकती, आणि सगळीकडं हिरवा गंज. त्यांनी तो पदरात घेतला आणि थेट रखमाजीचं घर गाठलं.

रखमाजी काकासाहेबांचा ड्रायव्हर. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवसभर ओसरीवर बसून तो अंबाडीचे दोर वळी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखून टोमणे मारी.

“मालकीणबाई? तुमी इथं?”

“रखमाजीभाऊ, हे हातात घ्या.”

त्यानं ते हातात घेतलं आणि त्याचा चेहरा बदलला. बोटं सगळीकडून फिरली. मग त्यानं ते नाकाशी नेलं.

“पेट्रोल वाळलंय आत. राळ झाली त्याची,” तो म्हणाला. “कुणी ठेवलं असं पेट्रोल भरून? मी असतो तर रिकामं केलं असतं. मला कुणी इचारलं न्हाई.”

“आता इचारायला आले.”

“आता काय उपेग? मला दिसत न्हाई.”

“मला दिसतं,” तुळजाबाई म्हणाल्या. “तुमी सांगा, मी करते.”

रखमाजी हसला. सबंध हयातीत ह्या बाई मोटारीत बसल्या त्या मागच्या बाजूला, दोन्हीकडून पडदे सोडून. इंजिन कुठल्या बाजूला असतं तेही त्यांनी कधी पाहिलं नसेल. पण त्या उठल्या नाहीत. शेवटी त्यानं दोर बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून रखमाजी काठी टेकत तुळजाबाईंच्या ओसरीवर येऊ लागला आणि काम सुरू झालं. त्यानं आधी सगळं समजावलं. “हे मोटारीचं नरडं समजा. इकडून हवा येते, ह्या बारक्या भोकातून पेट्रोल येतं. त्या भोकाला जेट म्हणायचं. वाटीत फ्लोट तरंगतो, वाटी भरली की त्याची सुई पेट्रोल बंद करते. आणि नरड्यात ही गोल चकती, ती झडप. ड्रायव्हरनं पाय दिला की ती उघडते. सुई, जेट, झडप. तिन्ही जाम धरून बसलेत. जबरी करायची न्हाई. पितळ हाय, तुटलं तर संपलं.”

त्यांनी परातीत घासलेट ओतून, त्यात थोडं एरंडेल घालून तो ठोकळा बुडवून ठेवला. रोज सकाळी काढायचा, मऊ फडक्यानं पुसायचा, लाकडी मोगरीनं हलक्या हातानं ठोकायचा, हलवून बघायचं, आणि पुन्हा बुडवायचा. घासलेटाच्या वासानं त्यांचं जेवण तुटलं. बोटांची सालं निघाली. नदीवर बाया कुजबुजल्या, की काकासाहेबांच्या बाईला नवऱ्यामागं भलतंच सुचून राह्यलंय. ते त्यांच्या कानावर आलं. तरी त्यांनी परात ओसरीवरून आत नेली नाही.

सुई आधी सुटली. एका सकाळी मोगरीचा ठोका बसला आणि आतून टिक असा आवाज आला. आवाज रखमाजीला आधी कळला. “थांबा! सुटली. आता वढू नका, फिरवत फिरवत काढा.” सुई निघाली, तिच्या टोकाशी तपकिरी डिंकासारखा थर. तुळजाबाईंनी ती चिंचेच्या कोळानं देवाची भांडी घासावी तशी घासली.

जेटनं जास्त सतावलं. त्याच्या डोक्यावर पेचकसासाठी खाच होती, पण मेस्त्रीनं मोठा पेचकस लावून ती अर्धी झिजवून ठेवली होती. तुळजाबाईंनी लोहाराकडून पेचकसाचं टोक खाचेएवढं बारीक घासून आणलं. पहिल्यांदा मनाजोगतं झालं नाही, तर त्याला परत बसवलं. मग ठोकळा दोन्ही गुडघ्यांत धरला, पेचकसावर सगळा भार दिला आणि कणाकणानं फिरवला. जेट सुटला तेव्हा त्यांच्या तळहाताला फोड आला होता.

राहिली झडप. तिचा दांडा दोन्ही बाजूंच्या भोकांत असा धरला होता की ओतीव वाटावा. घासलेट झालं, ठोकणं झालं, पुन्हा घासलेट झालं. दिवस जाऊ लागले. गोजरचे पाय सुजले. ती ओसरीवर यायची, परातीत बघायची आणि परत जायची.

एका दुपारी तुळजाबाई घरात गेल्या असताना बद्रीनाथचा धीर सुटला. त्यानं ठोकळा उचलला, दगडावर धरला आणि लोखंडी हातोडीनं दांड्याच्या टोकावर दणका दिला. आवाज ऐकून त्या धावत आल्या. दांड्याचं टोक फुलासारखं पसरलं होतं.

“अरे कुणी मारलं?” टोक चाचपून रखमाजी ओरडला. “आता तो भोकातून निघायचा बी न्हाई!”

बद्रीनाथचा हात तसाच राहिला. “माय, माझ्याच्यानं बघवंना. रोज ते घासलेट, रोज तेच. ती गाडीत तडफडत होती तवा मी बैलं हाकून राह्यलो होतो. मागं वळून बघायची हिंमत न्हाई झाली माझी.”

तुळजाबाईंना रागानं बोलायचं होतं. त्यांनी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली, त्याला खाली बसवलं, आणि सोनाराकडून आणलेली बारीक कानस त्याच्यापुढं ठेवली. “मारलं तू, मंग घास बी तूच. दांड्याला धक्का न लागता, टोक पहिल्यासारखं होईस्तोवर.”

त्यानं संध्याकाळपर्यंत घासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासलं. त्या दिवसापासून तो रोज ओसरीवर येऊन बसू लागला.

रखमाजी म्हणाला, “आता निखाऱ्यावर ठेवा. तापल्यावर सुटंल.”

“न्हाई,” तुळजाबाई म्हणाल्या. “निखाऱ्यावर एका बाजूनं तापतं. तशी माझी वतीव कढई तडकल्याली हाय.”

“मी इतकी वर्सं मोटारी केल्या!”

“आन मी कढया.”

रखमाजीनं चिडून तोंड फिरवलं. त्यांनी बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं आणि सगळा ठोकळा त्यात सोडला, म्हणजे तो चहूबाजूंनी सारखा तापेल. फडक्यानं धरून तो वर काढला आणि नुसत्या दांड्याच्या टोकांवर माठातल्या पाण्याची ओली चिंधी दाबली. भोवतालचं पितळ तापून फुगलेलं, दांडा गार. फटीत घासलेटाचे थेंब सोडले. पुन्हा बादली, पुन्हा चिंधी. सकाळ गेली. रखमाजीचा राग निवळला, तो कान लावून बसला. बद्रीनाथ पाणी तापवून आणत राहिला.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा तुळजाबाईंनी पक्कडीत चिंधी घालून दांडा धरला आणि अलगद पिळला. काही नाही. उलट्या बाजूनं पिळला. काहीतरी किंचित सरकल्यासारखं वाटलं. त्यांना वाटलं, चिंधीच घसरली असेल.

“हाल्ली,” रखमाजी म्हणाला.

“खरं?”

“आवाज आला मला. आता इकडं-तिकडं, इकडं-तिकडं. पाळणा हालवता तसं.”

त्या हलवत राहिल्या. केसभर, मग दोन केस, मग कणभर. हिरवी भुकटी गळू लागली. आणि एकदम ती चकती आपल्या अंगानं फिरली, उघडली, मिटली. तुळजाबाईंनी ती बोटानं उघडमीट करून पाहिली, पुन्हा पुन्हा. मग त्यांना रडू आलं आणि त्या घासलेटाच्या हातानं डोळे पुसायला गेल्या.

“डोळ्याला हात लावू नका!” रखमाजी ओरडला. “एक आंधळा बास झाला!”

कार्बोरेटर जागेवर बसला. बद्रीनाथनं हँडल मारून मारून खांदे दुखवून घेतले, आणि तिसऱ्या प्रहरी मोटार खोकली, धूर ओकली आणि सुरू झाली. कोंबड्या चौफेर उधळल्या.

गोजरला न्यायचा दिवस ठरला होता. पण त्याआधीच, एका सकाळी दळण निवडताना तिच्या पोटात कळ आली आणि ती जात्याशी बसून राहिली. अर्ध्या तासात तिला मागच्या बैठकीवर उशा लावून निजवलं आणि मोटार निघाली. तुळजाबाई पुढं बसल्या. पडदे लावले नव्हते.

अंबड मागं पडलं. दुधना नदीच्या उताराआधी इंजिनानं दोन गचके दिले आणि ते बंद पडलं. बद्रीनाथनं हँडल मारलं, पुन्हा मारलं. मागून गोजर कण्हली.

“आत्याबाई, पुन्हा तसंच व्हतं का हो?”

“न्हाई होत,” तुळजाबाई म्हणाल्या आणि उतरल्या. “बद्री, पाना दे.”

त्यांनी वाटी सोडली. पेट्रोल होतं, पण तळाला टाकीतल्या गंजाचे बारीक कण. म्हणजे जेट बुजला असणार. तो काढला, तोंडानं फुंकला. उजेडाकडं धरला तर भोक दिसेना. रखमाजीनं बजावलं होतं, तार घालायची नाही, भोक मोठं होतं. तेवढ्यात समोरून एक बैलगाडी नदीतून वर आली.

“दादा, थांबा जरा! तुमच्या बैलाच्या शेपटीचा केस पाहिजे.”

गाडीवान बघतच राहिला. “काय पाहिजे?”

“केस! जल्दी द्या, पोरगी अडलीया!”

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं उतरून शेपटीचे दोन राठ केस उपटून दिले. तुळजाबाईंनी एक केस जेटात घातला, हलवला, ओढून काढला. पुन्हा फुंकला. आता भोकातून उन्हाचा ठिपका दिसला. जेट बसवला, वाटी बसवली. बद्रीनाथनं हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली.

जालन्याला डॉक्टरणीनं गोजरला लगेच आत घेतलं. मूल पायाळू होतं. पुष्कळ वेळ लागला. बद्रीनाथ फाटकापाशी येरझाऱ्या घालत राहिला, तुळजाबाई दाराशी जमिनीवर बसून राहिल्या. दिवेलागणीला आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी. गोजर शुद्धीवर होती आणि पाणी मागत होती.

आठवड्यानं तुळजाबाई गावी परतल्या, आणि घरी जायच्या आत रखमाजीच्या ओसरीवर गेल्या. त्यानं मुलीचं विचारलं, गोजरचं विचारलं. मग हळूच म्हणाला,

“रस्त्यात बंद पडली व्हती म्हणं.”

“जेट बुजला व्हता.”

“मंग? तार घातली?”

“न्हाई. बैलाच्या शेपटीचा केस.”

रखमाजीनं हातातला दोर मांडीवर ठेवला. “आन परत बसवताना वाटीच्या सांध्यातलं पॅकिंग नीट धरलं? गळलं न्हाई?”

“थेंब न्हाई गळला.”

“मंग बराबर,” रखमाजी म्हणाला, आणि त्यानं दोर पुन्हा वळायला घेतला.